उसण आणि उसंत

मराठी भाषेने माणसाच्या पाठीवर जेवढे ओझे लादले आहे, तेवढे एखाद्या हमालानेही जन्मात वाहिले नसेल. धीर द्यायचा तो पाठीवर हात ठेवून, शाबासकी द्यायची ती पाठ थोपटून, आणि दगा द्यायचा तोही पाठीतच! ज्याचा आधार वाटतो तो पाठीशी उभा राहतो, ज्याचा जाच होतो तो पाठीस लागतो. आपल्यानंतर जन्मलेले भावंड पाठचे, आणि नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. कमरेची गतही निराळी नाही. काम अंगावर घ्यायचे म्हणजे आधी कंबर कसायची, आणि महागाई वाढली की मोडते तेही कंबरडेच. ‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका’ ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली, त्याची पाठ त्या दिवशी अगदी ठणठणीत असली पाहिजे.

माझी नसते. साताऱ्याच्या एका शाळेत तेहतीस वर्षे फळ्यापुढे उभी राहून मी मराठी शिकवले. निवृत्तीला एक वर्ष उरले असताना कमरेत एक कळ आली, आणि पाहुणी म्हणून आलेली ही कळ अकरा वर्षे झाली तरी मुक्काम हलवायला तयार नाही. सकाळी अंथरुणातून उठताना, पावसाळ्यात फुगलेले कपाटाचे दार उघडावे तसे मला स्वतःला बेताबेताने उघडावे लागते. आधी एक कूस, मग एक कोपर, मग एक पाय जमिनीवर, आणि मग देवाचे नाव. दुपारी जरा बरे असते. संध्याकाळी ओट्याशी उभे राहिले की सहाव्या पोळीला कंबर सांगते, ‘बाई, आता पुरे.’

दुखणे सगळ्यांनाच असते. पण इतर दुखण्यांना साक्षीदार असतात. ताप असला की थर्मामीटर साक्ष देतो. हात मोडला की प्लास्टर पाहून माणसे बसायला जागा देतात. कंबरदुखीला साक्षीदार नाही. चारचौघांत आपण हसतो, बोलतो, चहा पितो, आणि खुर्चीवरून उठताना मात्र चेहरा वाकडा होतो. तो कोणी पाहिला तर पाहिला. ‘वयोमानाने व्हायचेच’ हे वाक्य ऐकले की मला वाटते, वयोमान हे काही दुखण्याचे नाव नव्हे. ते आपल्याला फारसे ऐकायचे नाही, एवढेच सांगणारे एक सभ्य वाक्य आहे.

तशी मी एकटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली जगातल्या ६१.९ कोटी माणसांची कंबर दुखत होती. एवढा मोठा गोतावळा दुसऱ्या कोणत्या निमित्ताने मला लाभला असता! आणि या गोतावळ्यातल्या दहांपैकी नऊ जणांच्या दुखण्याला बोट ठेवून दाखवता येईल असे एकच नेमके कारण सापडत नाही. आपल्याकडे मात्र कारण तयार असते. फोटो काढला की घरी येऊन माणूस सांगतो, ‘मणक्यात गॅप आली आहे.’ मलाही ती आली. चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये. पुढे माझ्या वाचनात आले की, कंबर मुळीच न दुखणाऱ्या माणसांच्या मणक्यांची चित्रे तपासणाऱ्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष २०१५ साली कोणी एकत्र मांडले होते. विशीतल्या धडधाकट माणसांत शेकडा ३७, आणि ऐंशीच्या घरातल्यांत शेकडा ९६ जणांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. म्हणजे माझी ‘गॅप’ बहुधा माझ्या पांढऱ्या केसांची बहीण होती. केस पांढरे झाले म्हणून डोके दुखत नाही. मग गॅप आली म्हणून कंबर दुखते, हे तरी कोणी ठरवले?

कारण सापडले नाही तरी उपाय अडत नाहीत. हळदीकुंकवाला गेले की वाणाबरोबर एकेक उपाय पदरात पडतो. कोणी निर्गुडीचा पाला सांगते, कोणी महानारायण तेल, कोणी मिठाच्या पुरचुंडीचा शेक. कोणाच्या जावेला पट्ट्याने गुण आलेला असतो, कोणाच्या दिराला वजन लावून. आमच्या ‘ह्यां’नी तर घरातली कापसाची गादी काढून मला पंधरा दिवस सतरंजीवर झोपवले, आणि स्वतः मात्र त्या गादीवर शांतपणे घोरले.

या सगळ्यांत माझा आवडता उपाय म्हणजे पायाळू माणसाचा. जन्मताना जो डोक्याऐवजी पायांनी जगात आला तो पायाळू. त्याने कमरेला हलकेच लाथ मारली की भरलेली उसण निघून जाते, असा आपल्याकडचा जुना समज. वाईला आमच्या आळीत असे एक पायाळू काका होते. एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात असा हा गरीब माणूस. पण कोणाची कंबर धरली की त्याला मानाने बोलावणे यायचे. बिचारा संकोचाने पाय लावायचा, आणि लगेच हात जोडून त्या माणसाची क्षमा मागायचा. पायाळू माणसाविषयी दुसरा समज असा की, आभाळातली वीज त्याच्यावर पडते. त्यामुळे मृगाचा गडगडाट सुरू झाला की आळीतल्या बायका या काकांना हाका मारून घरात घ्यायच्या. कंबरदुखी आणि वीज यांची गाठ आपल्या लोकांनी एकाच माणसाच्या पायांशी घालून ठेवली होती, ही गोष्ट मला साठी उलटल्यावर, कमरेला तारा लावून पालथी पडले असताना, आठवली आणि हसू आले.

त्या तारांची गोष्ट अशी. माझ्या मुलाने मला एका फिजिओथेरपिस्टकडे नेले. तिथे एक चुणचुणीत मुलगी होती; माझ्या शेवटच्या वर्गातल्या मुलींच्या वयाची. तिने आधी माझे सगळे ऐकून घेतले. मग मला पालथे झोपवून कमरेच्या दोन्ही बाजूंना चार चिकट चकत्या लावल्या. चकत्यांना तारा, आणि तारा साबणाच्या डबीएवढ्या एका पेटीला.

‘काकू, मुंग्या आल्यासारखं वाटेल. हळूहळू वाढवते. चटका बसला तर लगेच सांगा, सोसत बसू नका.’

‘सोसत बसू नका’ हे शब्द माझ्या वयाच्या बाईला कोणी क्वचितच सांगते.

या उपचाराला डॉक्टर ‘टेन्स’ म्हणतात, आणि रोगी ‘करंट लावणे’ म्हणतात. कातडीवरून मज्जातंतूंना विजेचे बारीक बारीक ठोके द्यायचे, एवढेच त्यात असते. कधी सेकंदाला शंभराच्या आसपास, कधी अगदी संथपणे दोन-चार. सुरुवातीला मुंग्या आल्या. मग पत्र्यावर पावसाचे बारीक थेंब पडावेत तसे वाटू लागले, मग सर जरा मोठी झाली. आणि त्या सरीच्या आवाजात एकाएकी माझ्या लक्षात आले की, कळ ऐकू येत नाही. ती गेली नव्हती. ती शेजारच्या खोलीत होती. मध्ये कोणीतरी दार लोटून घेतले होते. सतत चालणारा पंखा बंद पडल्यावरच तो किती आवाज करीत होता हे कळते, तसे मला इतक्या वर्षांत प्रथमच कळले की आपल्याला किती दुखत होते. अर्ध्या तासाने त्या मुलीने चकत्या काढल्या. उठताना माझा रुमाल खाली पडला आणि मी तो वाकून उचलला. मग उगीचच पुन्हा पाडला आणि पुन्हा उचलला. ती मुलगी पाहत होती. पण तिने काही विचारले नाही.

घरी पोचून चहा होईतो कळ परतली होती.

शिक्षकाचा स्वभाव मोठा वाईट. गुण कसा आला हे कळल्याशिवाय त्याला गुण पचत नाही. मी वाचायला लागले आणि मला मोठी मौज वाटली. कारण या पेटीचा वंश फार जुना निघाला. पहिल्या शतकात रोममध्ये स्क्रिबोनियस लार्गस नावाचा एक वैद्य होता. समुद्रात सापडणाऱ्या, स्पर्श होताच झिणझिण्या आणणाऱ्या एका माशाचा उपयोग त्याने लिहून ठेवला आहे. पाय ठणकत असतील तर ओल्या किनाऱ्यावर तो जिवंत मासा पायाखाली घ्यायचा, आणि गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईतो त्यावर उभे राहायचे! बादशहाच्या पदरच्या एका माणसाला या उपायाने गुण आला, असे तो सांगतो. वीज म्हणजे काय हे कोणालाही ठाऊक नसताना माणूस विजेवर उभा होता.

पुढे अठराव्या शतकात वीज बाटलीत साठवता येऊ लागली आणि तिच्या भक्तांचा सुळसुळाट झाला. पंथ काढणारे धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी १७६० साली विजेच्या गुणांवर पुस्तकच लिहिले. पण त्याच्या तीन वर्षे आधी बेंजामिन फ्रँकलिन यांनी अर्धांगवायूच्या रोग्यांना झटके देऊन पाहिले होते. रोग्यांना काही दिवस हुरूप येतो, पण कायमचा गुण आलेला आपण पाहिला नाही, असे त्यांनी १७५७ साली सरळ लिहून टाकले. फ्रँकलिनसाहेबांविषयी माझ्या मनात आदर होताच, तो दुणावला. ज्या विजेने आपल्याला कीर्ती दिली तिच्याविषयी खरे बोलणे सोपे नसते. नंतर १९१९ साली अमेरिकेत ‘इलेक्ट्रीट’ नावाच्या, हातात धरायच्या विजेच्या कांडीचे पेटंट निघाले. ती घरोघर खपली.

या सगळ्याचे मर्म मात्र उलगडले ते १९६५ साली. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी त्या वर्षी वेदनेविषयी एक नवी कल्पना मांडली. ती मी वर्गात शिकवली असती तर एस.टी. स्टँडचा दाखला दिला असता. शरीरातून मेंदूकडे जाणारे निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या फाटकातून जातात. स्पर्शाचे, दाबाचे, चोळण्याचे निरोप जाड तंतूंवरून येतात आणि ते भरधाव असतात. जुनाट ठणक्याचे निरोप बारीक तंतूंवरून रखडत येतात. जाड तंतूंची गर्दी फाटकाशी उसळली की आतला कारकून बारीक तंतूंचे तिकीट फाडायचे थांबवतो. शिवाय या फाटकावर वरून, म्हणजे मेंदूकडूनही, हुकूम येत असतात: भीती वाटत असेल तर फाटक सताड उघडा, मन रमले असेल तर अर्धे लावून घ्या. पुढे या कल्पनेत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण तिचा गाभा टिकला. दोन वर्षांनी, १९६७ साली, वॉल आणि विल्यम स्वीट यांनी जुनाट वेदनेच्या आठ रोग्यांच्या मज्जातंतूंना सेकंदाला शंभर ठोके या वेगाने वीज दिली. त्यांतल्या चौघांना दोन मिनिटांच्या विजेने अर्ध्या तासाहून अधिक काळ आराम पडला. माझ्या कमरेवरची पेटी ही त्या प्रयोगाची नात.

कोपर दारावर आपटले की आपण ते लगेच चोळतो. का चोळतो, हे १९६५ पर्यंत कोणी नीट सांगितले नव्हते. पण चोळायचे मात्र कोणी थांबले नव्हते.

१९६५ साली मी आठ वर्षांची होते, आणि रोज रात्री आईच्या पाठीवर उभी राहत होते.

हे आजच्या मुलांना सांगितले तर त्यांना विचित्र वाटेल. पण तेव्हा घरोघर ही रीत होती. घाटावरून धुण्याचे पिळे आणायचे, पाट्यावर वाटायचे, चुलीपुढे वाकून अकरा माणसांचा स्वयंपाक करायचा. आणि रात्री सगळे आवरल्यावर आई सतरंजीवर पालथी पडून म्हणायची, ‘जरा पाठीवर पाय दे गं.’ भावंडांत मी सगळ्यांत हलकी. भिंतीला हात धरून मी तिच्या कमरेवर चढायची आणि इकडून तिकडे हळूहळू चालायची. किती वेळ चालायचे? घड्याळ बाहेरच्या खोलीत होते. म्हणून आईने माप ठरवून दिले होते: बे ते दहा, सगळे पाढे. त्या वर्षी वर्गात माझ्याइतके पाढे कोणाचेही पाठ नव्हते, आणि ते खरोखरच पाठीवर पाठ झाले होते. दहा दाहे शंभर झाले की आई एक दीर्घ श्वास सोडायची. ‘सुटलं बघ,’ म्हणायची. आणि मग काय करायची? उठायची. विरजण लावायची, तांदूळ निवडून ठेवायची, सकाळसाठी बंब भरायची.

तिच्या कंबरदुखीला कोणी नाव दिले नाही, फोटो काढला नाही, गॅप दाखवली नाही. ‘कंबर मोडली माझी’ असे ती म्हणाली तर घरातल्यांना तो वाक्प्रचार वाटे. मी पुढे तेहतीस वर्षे वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ शिकवले. काही वाक्प्रचार अक्षरशः खरे असतात हे मला माझी स्वतःची कंबर धरल्यावर कळले, आणि तेव्हा आई नव्हती.

पण विषय वीजपेटीचा आहे. मी वाचत गेले तसतसे फ्रँकलिनसाहेबांचे पत्र पुन्हा पुन्हा समोर येऊ लागले. १९९० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी जुनाट कंबरदुखीचे १४५ रोगी घेतले आणि त्यांचे चार गट केले. काहींना खरी पेटी, काहींना हुबेहूब तशीच पण वीज न येणारी खोटी पेटी. आणि दोन्हींतल्या निम्म्यांना जोडीला व्यायाम. महिन्याने पाहिले तर वेदनेत खऱ्या पेटीने शेकडा ४७ सुधारणा होती आणि खोटीने शेकडा ४२! शास्त्राच्या भाषेत, दोघींत फरक नाही. फरक पडला तो व्यायाम करणाऱ्यांत. पण पुढे दोन महिन्यांनी पाहिले तर बहुतेकांनी व्यायाम सोडून दिला होता, आणि मिळवलेला गुणही त्याच्याबरोबर गेला होता. हे वाचून मला अमेरिकन माणसांविषयी एकदम जवळीक वाटली.

त्यानंतर निकाल लागत गेले. जुनाट कंबरदुखीवर नेहमीचा उपचार म्हणून टेन्सला आधार सापडत नाही, असे २००८ सालच्या एका साक्षेपी आढाव्याने म्हटले. २०१२ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्याने या दुखण्यासाठी पेटीचा खर्च देणे थांबवले. २०१६ साली ब्रिटनने, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने, कंबरदुखीवर टेन्स देऊ नये असाच सल्ला दिला. आणि तरीही २०२२ साली, सर्व प्रकारच्या वेदनांवरच्या ३८१ प्रयोगांचा मोठा आढावा घेणाऱ्यांना असे आढळले की, पेटी चालू असताना आणि त्यानंतर लगेच, वेदना खोट्या पेटीपेक्षा कमी होते.

मग खरे काय मानायचे? माझ्यापुढे हा प्रश्न केवळ बुद्धीचा नव्हता. शहरातल्या एका दुकानात मला एक मोठे यंत्र दाखवण्यात आले होते. ‘आजी, तीन महिन्यांत नस मोकळी होणार, दुखणं कायमचं जाणार, आमची हमी!’ किंमत माझ्या कित्येक महिन्यांच्या पेन्शनएवढी. कायमचे जाणार, हे शब्द दुखणाऱ्या माणसाच्या कानाला किती गोड लागतात, हे ज्याचे दुखत नाही त्याला कळायचे नाही. त्या दिवशी घरी येऊन मी दोन्ही हिशेब कागदावर मांडले. मोठे यंत्र आणले नाही. पुढे छोटी, साबणाच्या डबीएवढी पेटीच घेतली.

दोन्ही निकाल मला खरे वाटतात, कारण ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पेटी लावली असताना बरे वाटते का? पुष्कळांना वाटते. महिनोन्‌महिने लावून दुखणे बरे होते का? नाही. फाटक लावून घेतले म्हणजे स्टँडावरची गर्दी घरी गेली, असे होत नाही.

आणि त्या खोट्या पेटीचे शेकडा ४२? त्यांच्याविषयी मी पुष्कळ विचार केला. थोडा हिस्सा तर निसर्गाचाच असणार. माणूस दवाखान्यात जातो तेच दुखणे अगदी शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेली गोष्ट आपोआप थोडी ओसरतेच. पण मला राहून राहून वाटते, खोट्या पेटीच्या तारेत वीज नव्हती एवढेच. ती लावणाऱ्याचा हात खरा होता. ‘नेमके कुठे दुखते?’ हा प्रश्न खरा होता. कोणीतरी आपल्या पाठीशी वाकून, आपल्या शब्दावर विश्वास ठेवून, अर्धा तास आपल्यासाठी काढला होता. फाटकावर वरून जे हुकूम येतात त्यांत याचा काही वाटा नसेल, असे मला वाटत नाही. पायाळू काकांच्या पायात वीज नव्हतीच. पण त्यांना बोलावणे गेले म्हणजे आळीने मान्य केलेले असे की, या माणसाला खरोखर दुखते आहे.

त्या चुणचुणीत मुलीने मला एक गोष्ट सांगितली. ‘काकू, मशीन काढल्यावर लोळायचं नाही. दुखणं गप्प आहे तोवर चालून घ्यायचं. बरं चालण्याने वाटेल. मशीन फक्त दार उघडून देईल.’ तिने मला चार व्यायाम शिकवले: पाठीवर पडून गुडघे छातीशी, गुडघे वाकवून कंबर उचलणे, मांजरासारखी पाठ वर-खाली, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणे. पहिल्या आठवड्यात मी आमच्या गल्लीच्या खांबापर्यंत गेले. महिन्याने राजवाड्यापर्यंत. आता मोती चौकात जाऊन भाजी घेऊन येते. पिशवी दोन्ही हातांत वाटून. चार भिंतींची चढण अजून राहिली आहे. पण सकाळी तिच्याकडे पाहते तेव्हा तिने मला पाठ दाखवली आहे असे आता वाटत नाही.

कळ आहे. सकाळचे कपाट अजून फुगलेलेच असते. पण पेटी आता आठवड्यातून एखाद्या वेळीच बाहेर निघते. लग्नकार्य झाले, एस.टी.चा लांबचा प्रवास झाला, की. यंदा चकल्या खाली पाटावर बसून न करता ओट्याशी, दोन हप्त्यांत केल्या. सोऱ्या ‘ह्यां’नी फिरवला. चकल्या थोड्या वाकड्या झाल्या आणि सगळ्या खाल्ल्या गेल्या. करंज्यांच्या मध्येच मी चपला घालून बाहेर पडले, तेव्हा सूनबाईने चकित होऊन विचारले, ‘आई, आत्ता कुठे?’ मी म्हटले, ‘चालायला.’ दिवाळीच्या ऐन घाईत स्वतःसाठी घराबाहेर पडलेली बाई मी लहानपणी पाहिली नव्हती. माझ्या आईला दहाच्या पाढ्यानंतर जी सुटका मिळे ती तिची नव्हतीच. ती विरजणाची, तांदळाची, बंबाची होती. उसण तिची आणि उसंत घराची, असा तो व्यवहार. माझा अर्धा तास मात्र मी कोणाला देत नाही.

परवा धनत्रयोदशीच्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. फराळाची भांडी घासताना त्यांची कंबर धरली होती.

‘तुमचं ते करंटचं मशीन दोन दिवस द्याल का हो?’

मी आधी त्यांना विचारले की, छातीत पेसमेकर वगैरे बसवलेला नाही ना. असेल तर ही पेटी लावायची नाही. तापबीप नाही, पाय बधिर होत नाही, लघवीला त्रास नाही, हेही विचारून घेतले. कारण तसे काही असेल तर पेटी ठेवून आधी डॉक्टर गाठावा लागतो. मग चकत्या कुठे लावायच्या ते दाखवले. कुठे दुखते ते नीट विचारले. त्या सांगत राहिल्या. बराच वेळ सांगत राहिल्या. मी ऐकले.

‘न्या,’ मी म्हटले, ‘पण एक अट आहे. परत करायला नातवाला पाठवायचं नाही. पेटी कमरेवरून काढली की तशाच उठायचं आणि स्वतः जिना चढून यायचं.’

‘आणि वर येईपर्यंत पुन्हा दुखायला लागलं तर?’

‘तर चहा घेऊ, आणि दोघी मिळून खाली उतरू. मोती चौकापर्यंत जाऊन येऊ.’